तुरटीचं पाणी आणि गोधडीतली हवा

छपाईच्या लांब मेजावर फिकट पिवळसर कापड ताणून बसवलेलं असतं. कारागीर लाकडी ठसा खळीत टेकवतो, कापडाच्या कडेशी जुळवतो, ठशाच्या पाठीवर मुठीचा एक ठोका देतो आणि ठसा उचलतो. खाली जे उमटतं ते पाहून नवख्या माणसाचा हिरमोड होतो. कच्छच्या अजरख कापडाचा तो गर्द लाल कुठेच दिसत नाही. दिसते ती एक मळकट, फिकी खूण, आणि तीही कारागिराला छापलेली जागा कळावी म्हणून खळीत मिसळलेल्या कच्च्या रंगाची. तो रंग पुढे धुऊन जायचाच असतो.

मग छापलं काय? तुरटी. दाढी झाल्यावर गालावर फिरवतात, गढूळ पाण्यात फिरवून गाळ खाली बसवतात, तीच. तिचं पाणी चिंचोक्याच्या खळीत कालवून दाट केलेलं असतं. आपल्याकडे घोंगडी विणणारे धनगर लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याचीच खळ देतात. इथे ती तुरटीला कापडावर पसरू न देता नक्षीच्या रेषेत धरून ठेवते. म्हणजे छापणारा रंग छापत नाही, रंगाने पुढे कुठे बसायचं ती जागा छापतो. हे मला पहिल्यांदा उमजलं तेव्हा हातातला अजरखचा दुपट्टा मी कितीतरी वेळ उलटासुलटा करून पाहत होतो.

मंजिष्ठेच्या मुळांतला लाल रंग आणि कापसाचा धागा यांची मुळात ओळखच नाही. नुसतं सुती कापड मंजिष्ठेच्या पाण्यात उकळा, ते गुलाबीसर होईल आणि थोड्याच धुण्यांत पुन्हा कोरं दिसायला लागेल. तुरटीत ॲल्युमिनियम असतं. ते एका बाजूने धाग्याला धरतं आणि दुसऱ्या बाजूने मंजिष्ठेच्या रंगाला. तिघांचं मिळून जे तयार होतं ते पाण्यात विरघळत नाही. रसायनशास्त्राच्या मराठी पुस्तकांत तुरटीसारख्या पदार्थाला रंगबंधक म्हणतात आणि तो शब्द अगदी नेमका आहे.

पण कापसाचा धागा तुरटीलाही सहजासहजी धरत नाही. म्हणून त्याआधी कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात. सुरुवातीला दिसलेला तो फिकट पिवळा रंग हिरड्याचा. हिरड्यातला तुरट अंश धाग्यात शिरून बसतो आणि तुरटीला पाय रोवायला जागा देतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी माणसं गोळा करतात तो हाच हिरडा. तिथे बाळहिरडा औषधासाठी विकला जातो, आपण त्याला पोटाच्या तक्रारींसाठी ओळखतो. सुती कापडावर पक्का रंग चढवण्याच्या भारतीय विद्येत त्याचं स्थान किती मोठं आहे, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत कधी आलं नाही. यायला हवं होतं.

काळ्या रंगाची गोष्ट तर आपल्या स्वयंपाकघरातच घडत असते. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो. विळीवर कच्चं केळं चिरलं की केळंही काळवंडतं आणि बोटंही. फळातला तुरट अंश आणि लोखंड भेटले की काळं होणारच. छपाईवाले हे मुद्दाम घडवतात. घोड्याचे जुने नाल आणि भंगारातलं लोखंड गुळाच्या पाण्यात टाकून ते पिंप दोन-तीन आठवडे ठेवून देतात. पाणी आंबतं, आंबताना आम्ल तयार होतं आणि लोखंड त्यात हळूहळू उतरतं. या पाण्याला खळीने दाट करून ठशाने छापलं की हिरड्याने आधीच तयार असलेल्या कापडावर काळी रेघ उमटते. पूर्वीची लिहिण्याची शाईही हिरडा आणि हिराकस यांच्यापासून याच रीतीने व्हायची. म्हणजे अजरखवरच्या काळ्या रेघा कापडावर शाईने लिहिलेल्या आहेत म्हटलं तरी चालेल. या लोखंडाचा एक दोषही आहे. ते कालांतराने धागा खातं. वस्तुसंग्रहालयांतल्या जुन्या छापील कापडांवर लाल पाकळ्या जशाच्या तशा असतात आणि त्यांच्या काळ्या कडा मात्र झिजून तिथे फटी पडलेल्या दिसतात.

आता कढई चुलीवर चढते. पाण्यात मंजिष्ठा, आणि आत ते मळकट खुणांचं कापड. थोड्या वेळाने काठीवर उचललं की जिथे तुरटी होती तिथे लाल, जिथे लोखंड होतं तिथे काळं, आणि जिथे आधीच चुना आणि डिंकाचा लेप छापून वाट अडवली होती तिथे पांढरं. कढईत रंग एकच आणि कापडावर नक्षी तीन रंगांची. पहिल्या शतकात प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने इजिप्तमध्ये असंच करत असल्याची नोंद ठेवली आहे. कापडावर रंग न लावता रंग शोषणारे पदार्थ लावतात, उकळत्या कढईत बुडवतात, आणि एका रंगाच्या कढईतून ते अनेक रंगांचं होऊन बाहेर येतं, असं तो लिहितो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला वाटलेलं आश्चर्य मला अगदी जवळचं वाटतं.

आपल्याकडे ही विद्या त्याहून जुनी. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेलं मंजिष्ठेने रंगवलेलं सुती कापड मिळालं. कैरोजवळच्या फुस्तात या जुन्या शहराच्या ढिगाऱ्यांत गुजरातहून गेलेल्या छापील सुती कापडाचे मध्ययुगीन तुकडे सापडले. युरोपला सतराव्या शतकात या कापडांनी वेड लावलं, कारण धुतल्यावर रंग जात नव्हता. आपण ज्याला चीट म्हणतो त्याच छींट शब्दापासून इंग्रजांनी आपला शब्द केला. फ्रान्सने तर आपले विणकर वाचवण्यासाठी १६८६ साली अशा छापील कापडावर बंदी घातली आणि ती १७५९ पर्यंत टिकली. तुरटी आणि हिरड्याला घाबरून एका राज्याने ७३ वर्षं कायदा चालवला.

निळ्याचा स्वभाव अगदी वेगळा. नीळ पाण्यात विरघळतच नाही, तिला तुरटीचाही उपयोग नाही. तिला आधी स्वतःचं निळेपण सोडावं लागतं. पिंपात चुना आणि गूळ घालून ती आंबवतात. तमिळनाडूकडे त्यात टाकळ्याच्या बिया शिजवून घालतात, पहिल्या पावसानंतर आपण ज्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतो तोच टाकळा. आंबण्यामुळे पिंपातला ऑक्सिजन संपतो, निळीचं रूप बदलतं आणि ती हिरवट-पिवळी होऊन पाण्यात उतरते. कापड बुडवून बाहेर काढलं की पहिल्या क्षणी ते हिरवं असतं. मग हवा लागते. डोळ्यांदेखत हिरव्याचं निळं होत जातं, कडेपासून आत, घडीच्या दुमडीत सर्वांत शेवटी. धाग्यात शिरलेली नीळ हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा न विरघळणारी झालेली असते आणि तिथेच अडकते. जिथे निळं नको तिथे माती, पीठ आणि डिंकाचा चिखल छापून ठेवलेला असतो.

अजरख या नावाची व्युत्पत्ती कारागीर मोठ्या प्रेमाने सांगतात. आज रख, म्हणजे आजचा दिवस राहू दे. अभ्यासक त्याचा संबंध निळ्या रंगाच्या अझरक या अरबी शब्दाशी जोडतात. मला कारागिरांचा अर्थ कामाशी अधिक इमानदार वाटतो. धुणं, हिरडा, चुना, लोखंड, तुरटी, चिखल, नीळ, उकळणं, आणि प्रत्येकामध्ये वाळवणं. चौदा ते सोळा पायऱ्या होतात आणि कित्येक आठवडे जातात. त्यातला बराचसा वेळ काही न करता कापडाला पडून राहू देण्यात जातो.

हे सगळं पाण्यावर चालतं. कच्छमधल्या धमडका गावात खत्री छपाईवाले सोळाव्या शतकात सिंधमधून येऊन नदीकाठी वसले, कच्छच्या रावाच्या बोलावण्यावरून. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात गाव उद्ध्वस्त झालं. घरं पुन्हा बांधता आली असती, पण जमिनीखालच्या पाण्यात लोहाचं प्रमाण वाढलं होतं. वर सांगितलेली काळ्या रेघेची गोष्ट आठवा. लोह जिथे जाईल तिथे हिरड्याला काळवंडणार आणि मंजिष्ठेच्या लालाला झाकोळणार. पाण्यातच लोह असेल तर अख्खं कापड त्याच्या तावडीत. म्हणून बऱ्याच कुटुंबांनी भुजजवळ चांगलं पाणी पाहून नवं गाव वसवलं. त्याचं नाव अजरखपूर. त्यात पुढाकार घेणारे इस्माईल मोहम्मद खत्री यांना २००३ साली इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. पाण्यातल्या लोहापायी गाव हलल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

ठशांबद्दल थोडक्यात. ते बहुतेक सागाचे किंवा शिसवीचे. गांधीनगरजवळचं पेथापूर त्यांच्या कोरीवकामासाठी नावाजलेलं. मोठ्या ठशांना पाठीपर्यंत आरपार बारीक भोकं असतात, दाबताना अडकलेली हवा आणि जादा खळ निघून जायला. नाहीतर मधल्या भागात रंग बसत नाही.

आता शिवणाकडे वळतो, आणि वळताना नामदेवांचं बोट धरतो. महाराष्ट्रात संत नामदेव शिंपी. पंजाबात गुरू ग्रंथसाहिबमध्ये त्यांच्या ६१ रचना आहेत आणि तिथे ते स्वतःला छीपा म्हणजे कापड छापणारा म्हणवतात. राजस्थानातले छिपे आजही त्यांना आपलं मानतात. कापड शिवणं आणि कापड छापणं हे दोन्ही धंदे एका संताच्या नावाखाली नांदले. छापील कापडाच्या गोधड्या करणाऱ्या एखाद्या छोट्या कारखान्याला यापेक्षा योग्य कुलपुरुष मिळणार नाही.

गोधडी म्हणा, कोल्हापूर-साताऱ्याकडे वाकळ म्हणा, सीमेपलीकडे कर्नाटकात कौदी म्हणा. ती ऊब देते असं आपण म्हणतो, पण कापडात ऊब नसते. ऊब आपल्याच अंगाची. गोधडी तिला जाऊ देत नाही एवढंच, आणि तेही काम मुख्यतः हवेचं. स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे, कापसाच्या धाग्याहूनही वाईट. अडचण अशी की हवा एका जागी थांबत नाही. तिला थांबवायचं तर लहान लहान कप्प्यांत कोंडावं लागतं. चार-पाच जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घातले की दोन थरांमध्ये हवेचा पातळ पापुद्रा अडकतो. वरून धावदोऱ्याच्या ओळी घातल्या की प्रत्येक टाका कापड जरासं ओढतो, टाक्यांच्या मध्ये बारीक सुरकुत्यांचे उंचवटे तयार होतात, आणि त्यांच्याखाली आणखी हवा. गोधडी शिवणारी बाई हवा शिवत असते. पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणून दमट गोधडी अंगावर गार लागते. तिला अधूनमधून ऊन दाखवायची जुनी रीत यामुळेच शहाणपणाची.

जुनी लुगडी का वापरतात याचं उत्तर आपण काटकसर आणि माया असं देतो. दोन्ही खरं आहे. पण त्याला एक तांत्रिक बाजूही आहे. नवं सुती कापड धुतल्यावर आटतं, आणि वेगवेगळी कापडं वेगवेगळी आटतात. चार नव्या कापडांची गोधडी पहिल्याच धुण्यात वाकडी होईल. वीस वर्षं धुतलेलं लुगडं आटायचं तेवढं आटून चुकलेलं असतं, त्यातली कांजी गेलेली असते, धाग्यांची टोकं सुटून पृष्ठभाग मऊ झालेला असतो, आणि ती टोकंही हवा धरून ठेवतात. छोट्या व्यवसायात नवं छापील कापड वर घ्यायचं असेल तर ते आधी भिजवून, वाळवून, आटवूनच कापावं लागतं. ही पायरी गाळणारे गिऱ्हाईक गमावतात.

शिवण्याची रीत अनेक ठिकाणी कडेने सुरू होते. चारी बाजूंनी एक फेरी, मग तिच्या आत दुसरी, चौकटीत चौकट, मधोमध शेवटचा टाका. उत्तर कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या रानात राहणारे सिद्दी पिढ्यांमागे आफ्रिकेतून आलेले, पोर्तुगीजांच्या गोव्यातून डोंगर चढलेले, आणि त्यांच्या बोलीत कोकणी-मराठीचा मोठा भाग. त्यांच्या बायका आपली गोधडी, म्हणजे कवंडी, अशीच कडेकडून आत शिवत नेतात आणि चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेले रंगीत तुकडे लावतात. त्यांना त्या फुलं म्हणतात. फुलांवाचून कवंडी त्यांना उघडी वाटते.

या चौकटींचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला. दीड मीटर रुंद आणि दोन मीटर दहा सेंटिमीटर लांब गोधडी. दोन ओळींत दोन सेंटिमीटर अंतर. क्षेत्रफळाला अंतराने भागलं की ओळींची एकूण लांबी मिळते, ती १५७.५ मीटर. एका टाक्याला मागची मोकळी जागा धरून एक सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १५,७५० टाके. मिनिटाला पंधरा टाके या चालीने साडेसतरा तास नुसते टाके घालायला, थर पसरणं, टाचणं, काठ दुमडणं वेगळं. ओळींतलं अंतर एक सेंटिमीटर केलं की सगळंच दुप्पट: ३१५ मीटर, ३१,५०० टाके, पस्तीस तास. वरच्या छापील कापडाचाही हिशेब तसाच. नेहमीच्या पन्ह्याचं सव्वाचार मीटर कापड, दहा सेंटिमीटरचा चौकोनी ठसा, बाह्यरेषा, भरण आणि जमीन असे तीन ठसे. चौदाशेच्या आसपास ठोके, आणि प्रत्येक ठोका शेजारच्याशी जुळलेला.

छोटा व्यवसाय चालवणाऱ्या प्रत्येकाने हे गणित आपल्या मापांनी करावं असं मला कळकळीने वाटतं. कारण या धंद्यात दर बहुधा नगावर ठरतो, आणि नगाच्या आत किती तास आहेत ते कुणी मोजत नाही. ताशी ८० रुपये मजुरी धरली तर विरळ ओळींच्या गोधडीत टाक्यांचेच १,४०० रुपये होतात आणि दाट ओळींच्या गोधडीत २,८००. दोन्हींना एकच मजुरी दिली तर दाट शिवणारीचा निम्मा वेळ फुकट गेला. दर ओळींतल्या अंतरावर ठरावा, लुगड्याच्या रंगावर नाही. दाट ओळी म्हणजे अधिक ऊब असंही नसतं. फार दाट शिवलं की थर चेपतात, हवा निघून जाते आणि गोधडी ताठ होते. फार विरळ शिवलं तर धुताना थर सरकतात आणि पोटाशी गोळा होतात. कुठे थांबायचं हे बोटांना कळतं, आणि त्या कळण्याचेही पैसे असतात.

गिऱ्हाइकाला सांगायच्या गोष्टीही याच कामातून निघतात. गेल्या महिन्यातला लाल आणि या महिन्यातला लाल तंतोतंत एक येणार नाही, कारण पाणी, ऊन आणि हिरडा एक नव्हते. म्हणून एका जागेसाठी लागणारं सगळं कापड एकदम मागवावं. पावसाळ्यात ऑर्डर लांबते, कारण प्रत्येक पायरीला वाळवण लागतं. आणि कारखान्यात मंजिष्ठेऐवजी अलिझरीन वापरत असतील तर तसं लिहावं. १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी हा मंजिष्ठेच्या कुळातला लाल पदार्थ प्रयोगशाळेत बनवला. रेणू त्याच घराण्यातला आहे, तुरटीला धरण्याची रीतही तीच. त्यात कमीपणा काही नाही. न सांगण्यात मात्र आहे. यंत्रावर छापलेल्या कापडाला अजरख म्हणून विकणं ही निव्वळ फसवणूक. घेताना कापड उलटून पाहा. यंत्राची नक्कल बहुतेक वेळा वरवर बसलेली असते. ठशाच्या कामात एखादी रेघ केसभर सरकलेली सापडते. बिपुरी अजरख तर दोन्ही बाजूंनी छापलेला असतो, म्हणजे ठोके दुप्पट.

अशी गोधडी घरी आली की पहिल्यांदा थंड पाण्यात, साध्या साबणाने, एकटीच धुवा आणि सावलीत वाळवा. पाणी निळं झालं तर घाबरू नका. नीळ धाग्यात फक्त अडकून बसलेली असते, तिचे वरचे सुटे कण पहिल्या काही धुण्यांत निघतात आणि मग थांबतात. लाल मात्र तुरटीने बांधलेला आहे, तो जाणार नाही.